पाच रोपे आणि जहाजावरचे पाणी

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी, एखाद्या गॅलरीत, दिवाळीच्या सुमारास आणलेले स्ट्रॉबेरीचे रोप कुंडीत वाढत असते. थंडीत त्याला चार-सहा फळे धरतात. चैत्राच्या उन्हात पाण्याचा एक दिवस चुकला तरी ते मान टाकते. त्याला जगवण्यापुरते पाणी कोठून आणावे, हा प्रश्न १७१४ साली भर समुद्रात पडला होता.

आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए हा फ्रेंच लष्करी अभियंता. चौदाव्या लुईने त्याला १७१२ मध्ये चिली-पेरूकडे धाडले. वरकरणी प्रवासी, प्रत्यक्षात स्पॅनिश तटबंदीचे नकाशे काढणारा हेर. (त्याचे आडनाव आणि स्ट्रॉबेरीचे फ्रेंच नाव ‘फ्रेझ’ यांतील साम्य गमतीचे आहे.) चिलीत त्याने पाहिलेल्या स्ट्रॉबेरीपुढे युरोपातील रानटी फळे अगदीच चिमुकली होती. ते वाण तेथील मापुचे आदी मूलनिवासींनी स्पॅनिश येण्यापूर्वीपासून जोपासलेले होते. बहुतेक कथनांत त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकतो. वास्तविक मोठ्या फळाचे पहिले श्रेय त्यांचेच.

परतीचा प्रवास सुमारे सहा महिन्यांचा. जहाजावर गोडे पाणी मोजून मिळे. तरीही मालाच्या अधिकाऱ्याने रोपांसाठी पाणी दिले, म्हणून मार्सेयला पाच रोपे जिवंत उतरली. त्यांतील दोन फ्रेझिएने त्या अधिकाऱ्यालाच दिली.

रोपे वाढली, फुलली. पण फळ धरेना. चिलीच्या या जातीत नर व मादी रोपे वेगळी असतात. फ्रेझिएने बहुधा फळांनी लगडलेली रोपे निवडली, म्हणजे नेमक्या माद्या! पुढे ब्रिटनीत उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया स्ट्रॉबेरी शेजारी लावल्यावर फळे आली. १७६४ मध्ये सतरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आंत्वान निकोला द्युशेन याने चिलीच्या रोपाला दुसऱ्या जातीचे परागकण देऊन धरवलेली फळे पंधराव्या लुईला सादर केली. १७६६ च्या ग्रंथात त्याने सांगितले, की अननसाच्या वासाची नवी स्ट्रॉबेरी हा चिली व व्हर्जिनिया जातींचा संकर आहे. जगभरच्या बागांतली आजची स्ट्रॉबेरी ती हीच.

महाराष्ट्रात ती इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरी रुजली. तेथे चीन व मलायाकडून आणलेले कैदी भाजीमळे पिकवीत. तो तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या मुसळधार पावसात कोवळी रोपे टिकत नाहीत, म्हणून रोपवाटिका वाईच्या बाजूला, कमी पावसाच्या पट्ट्यात असतात.

भिवंडीच्या गॅलरीतले रोप मात्र एकटेच फळते, कारण या संकरित जातीच्या एकाच फुलात नर व मादी दोन्ही भाग असतात. मधमाशी फिरकली नाही, तर मऊ कुंचला फुलावर हलकेच फिरवला तरी भागते. पाने फुटतात तो गाभा मातीच्या वर ठेवावा, गाडला गेल्यास कुजतो. कुंडीच्या तळाला भोक हवेच. फ्रेझिएच्या रोपांसाठी पाणी मोजकेच होते, गॅलरीतली बहुतेक रोपे अतिपाण्याने जातात.