मुखपृष्ठावरची आई : ‘श्यामची आई’च्या दृश्यप्रतिमेचा इतिहास

मुखपृष्ठ ही प्रकाशनव्यवसायाची बाब मानून मराठी समीक्षेने तिच्याकडे बव्हंशी दुर्लक्ष केले आहे. झेरार जेनेत यांनी १९८७ साली शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ इत्यादींचा विचार संहितेचे ‘उंबरठे’ म्हणून केला. उंबरठ्यावरच वाचकाची अपेक्षा घडते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची वाटचाल या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

या आत्मकथनात्मक कादंबरीचे बहुतांश लेखन ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत नाशिकच्या तुरुंगात झाले. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. तिची प्रकरणे म्हणजे ‘रात्री’ होत. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज एक आठवण सांगतो. आई येथे स्मरणातून, निवेदनातून अवतरते. शीर्षकातही ती ‘श्यामची’ आहे. पाहणारा आणि सांगणारा श्याम आहे.

१९५३ साली आचार्य अत्रे यांनी या कृतीवर चित्रपट काढला. उत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. वनमाला आणि माधव वझे यांच्या रूपाने स्मरणातील व्यक्तींना चेहरे लाभले. चित्रपटाचे पोस्टर चेहऱ्यावर उभे असते. निवेदन ही रंगवून दाखवण्याजोगी वस्तू नव्हे. त्यामुळे ‘आई आणि मूल’ ही प्रतिमा कृतीची खूण ठरणे स्वाभाविक होते. या प्रतिमेने पुस्तक घरोघरी पोहोचण्यास साहाय्य केले, हेही नाकारता येणार नाही.

तथापि या प्रतिमेत काय मावले नाही, हा समीक्षेचा प्रश्न आहे. पोहायला भिणाऱ्या श्यामला मारून विहिरीवर पाठवणारी कठोर आई तिच्यात नाही. अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास सांगणारी आई नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सावकारी कर्ज नाही. वस्तुतः जप्तीची दवंडी आणि त्या अपमानाने खचत जाणारे घर हा कादंबरीच्या उत्तरार्धाचा कणा आहे. परभणीसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात, जेथे शेतीवरील कर्ज हा घराघरातला अनुभव आहे, तेथील वाचकाला ही कादंबरी कर्जकथा म्हणूनही भिडू शकते. वात्सल्याचे मुखपृष्ठ मात्र त्याला त्या वाचनाकडे नेत नाही.

साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा स्वामित्वहक्क २०१० अखेर संपला आणि कोणत्याही प्रकाशकाला ही कृती छापण्याची मुभा मिळाली. कायद्याने संहिता मुक्त झाली. प्रतिमा मुक्त होण्यासाठी मात्र नव्याने वाचावे लागते. तसा एक प्रयत्न १० नोव्हेंबर २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या सुजय डहाके यांच्या चित्रपटात दिसतो. तो कृष्णधवल आहे, आणि त्यात ओम भुतकर यांनी साकारलेले प्रौढ साने गुरुजी आहेत. आठवणीबरोबर आठवणारा माणूसही पडद्यावर आला.

म्हणून अभिजात कृतीचे नवे मुखपृष्ठ म्हणजे केवळ नवा पोशाख नव्हे. तो संहितेचा एक अन्वयार्थ असतो. जप्तीची दवंडी ज्या दिवशी या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येईल, त्या दिवशी आईचे महत्त्व कमी होणार नाही. तिने काय सोसले, ते मात्र दिसू लागेल.