नटसम्राटाचा चित्तभ्रम

चित्तभ्रमाचें नाट्य मराठी रंगभूमीस नवें नव्हे. आगरकरांनीं १८८३ सालीं 'विकारविलसित' या नांवानें 'हॅम्लेट' मराठींत आणलें, आणि गणपतराव जोशी यांनीं तो उद्विग्न राजपुत्र गाजविला. १९१९ सालीं गडकऱ्यांचा सुधाकर आला. त्याची बुद्धि मद्यानें बुडविली.

शिरवाडकरांच्या 'नटसम्राटा'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजीं मुंबईस झाला. वैद्यकी सोडून रंगभूमीवर आलेल्या डॉ. श्रीराम लागू यांनीं त्यांत अप्पा बेलवलकर उभे केले. अप्पांचें दुःख याहून साधें आहे. रंगभूमीवरून निवृत्त होतांच त्यांनीं, लियर राजाप्रमाणें, सर्वस्व मुलांना वाटून दिलें. पुढें सुनेचे टोमणे, लेकीच्या घरीं चोरीचा आळ आणि अखेर पत्नीचा वियोग! एवढ्यानें तें मन मोडलें. राजाचा मुकुट गेला तर इतिहास त्याची दखल घेतो. वृद्धाचें घरांतील स्थान गेलें तर शेजारीहि घेत नाहीं. मग अप्पा जुन्या भूमिकांच्या आश्रयास जातात, कारण तेथें त्यांचा शब्द अद्याप ऐकला जातो. त्यांच्या भ्रमाचें मर्म हेंच होय.

हें केवळ शहरांतील एका नटाचें दुःख मानूं नये. जालना जिल्ह्यांतील आमच्या अंतरवाली सराटीसारख्या गांवींहि, शेत हयातींतच मुलांच्या नांवें करावें कीं नाहीं, हा प्रश्न म्हाताऱ्यांस पडतोच. २००७ च्या केंद्रीय कायद्यानें वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाचा भार मुलांवर घातला आहे. कायदा पोटगी देववील. परंतु घरांतला मान कोण देववील?