दाह आणि श्वेतपेशी : एका संकल्पनेचे अर्थांतर

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन ग्रंथकार केल्सस याने इ. स. च्या पहिल्या शतकात नमूद केली. दाहाची जुनी नावेही याच अनुभवातून आलेली आहेत. ‘दाह’ हा शब्द ‘दह्’ म्हणजे जळणे या धातूपासून झाला. लॅटिन ‘इन्फ्लमातिओ’च्या मुळाशी ‘फ्लामा’ म्हणजे ज्वाला आहे. ही नावे रोग्याला काय भोगावे लागते ते सांगतात. शरीर त्या वेळी काय करीत असते याविषयी ती मूक आहेत.

हा दुसरा प्रश्न एकोणिसाव्या शतकात पुढे आला. पुवातील पेशी स्थानिक पेशींच्या विभाजनाने उत्पन्न होतात, असे फिर्खोचे मत होते. श्वेतपेशी रक्तवाहिनीबाहेर पडतात, असे वॉलरने १८४६ मध्येच नोंदविले होते. परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १८६७ मध्ये कोनहाइमने बेडकावरील प्रयोगांनी दाखवून दिले की, या पेशी रक्तातूनच येतात : त्या वाहिनीच्या भित्तीला चिकटतात आणि तिच्यातून पार होतात. मात्र त्याच्या मते दाहाचे मूळ वाहिनीच्या भित्तीतील बिघाडात होते. अर्थात श्वेतपेशींचे बाहेर पडणे ही केवळ गळती ठरत होती.

या मताला आव्हान मिळाले ते एका प्राणिशास्त्रज्ञाकडून. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे मेचनिकॉव्हने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती चल पेशी गोळा झालेल्या दिसल्या. या डिंभाला रक्तवाहिन्या नसतात. तेव्हा तेथे गळतीचा प्रश्नच उद्भवत नाही. पेशी आपण होऊन तेथे गेल्या होत्या. १८८३ मध्ये व्हिएन्नाच्या क्लाउसने त्यांना ‘फॅगोसाइट’ हे ग्रीक घटकांचे नाव सुचविले : भक्षण करणारी पेशी. जुन्या नावांत वेदना होती. या नावात प्रथमच क्रिया आली.

नव्या मताला विरोध झाला. श्वेतपेशी जंतूंना गिळून उलट शरीरभर पसरवितात, अशी तत्कालीन समजूत होती. १८८४ मध्ये डॅफ्निया या जलपिसवेत कवकाचे बीजाणू पेशींकडून नष्ट होताना मेचनिकॉव्हने दाखविले. पुढे १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांच्या संशोधनामुळे संरक्षणाचे श्रेय रक्तद्रवाकडे जाऊ लागले. १९०३ मध्ये राइट आणि डग्लस यांनी रक्तद्रवातील घटकांमुळे जंतूंचे भक्षण सुकर होते, असे सिद्ध केले. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तद्रवपक्षाचा एर्लिख यांना विभागून मिळाले, हे या दृष्टीने अर्थपूर्ण होय.

आजच्या ज्ञानानुसार तीव्र दाहात प्रथम न्यूट्रोफिल आणि मागाहून मोनोसाइट येतात. मोनोसाइटांपासून मोठ्या भक्षकपेशी बनतात व त्या मृत पेशींचा निचरा करतात. परंतु न्यूट्रोफिलांची जी द्रव्ये जंतूंना मारतात, तीच निरोगी ऊतींनाही इजा करतात. म्हणून ‘भक्षकपेशी’ या नव्या नावाने ‘दाह’ हे जुने नाव खोटे ठरले नाही. संरक्षण आणि हानी या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत, आणि दोन्ही नावे मिळूनच तिचा अर्थ पुरा होतो.