ट्रकवाल्यांच्या कॅफेतून निघालेली मोटारसायकल

स्मरणिकेसाठी लेख द्यायचा म्हटला की माझ्याकडून रेल्वेचाच विषय अपेक्षित असतो. पण गेले वर्षभर सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅरेजमध्ये मी एका जुन्या ३५० सीसी बुलेटवर काम करतो आहे आणि मंडळातली कॉलेजची मुले ते बघायला येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, ही किती पळणार?" या प्रश्नाचे उत्तर थोडा इतिहास सांगितल्याशिवाय देता येत नाही. म्हणून यंदा हा विषय.

खाली उतरवलेले हँडल, मागे सरकवलेले फूटरेस्ट, एकट्यापुरती सीट आणि अंगावर अनावश्यक असे काहीही नाही, अशा गाडीला 'कॅफे रेसर' म्हणतात. नावातले कॅफे म्हणजे साहेबी हॉटेल नव्हे. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचे 'एस कॅफे' १९३८ मध्ये ट्रकचालकांसाठी सुरू झाले. आपल्याकडचा हायवेवरचा ढाबाच म्हणा ना! शेजारी विल्सडेनचे रेल्वे यार्ड होते. दुसऱ्या महायुद्धात या यार्डावर विमानहल्ला झाला, त्यात कॅफेही उद्ध्वस्त झाले. १९४९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले.

युद्धानंतर कारखान्यांत आणि वर्कशॉपमध्ये लागलेल्या तरुणांच्या हाती थोडा पैसा आला. हप्त्यावर मोटारसायकल मिळू लागली. रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे हे कॅफे त्यांचा अड्डा बनले. ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, या वेगाला ती मुले 'टन' म्हणत. ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकायचे आणि गाणे संपायच्या आत ठरलेल्या जागी जाऊन परत यायचे, अशा पैजांच्या कथा आजही सांगितल्या जातात. १९५९ मध्ये 'एम-वन' हा महामार्ग खुला झाला आणि १९६५ च्या अखेरीपर्यंत त्यावर वेगमर्यादाच नव्हती.

पण शर्यतीची गाडी विकत घेणे या मुलांना परवडणारे नव्हते. मग त्यांनी जोडकाम केले. बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस यांनी आखलेला सांगाडा नॉर्टन कंपनीने १९५० मध्ये शर्यतीत उतरवला. त्यावर बसणे पिसांच्या गादीवर बसल्यासारखे आहे, असे एक शर्यतपटू म्हणाला, म्हणून त्याचे नाव 'फेदरबेड' पडले. त्याच काळात ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कार बनवणाऱ्यांना नॉर्टनची इंजिने हवी होती. ती सुटी मिळत नसल्याने ते अख्खी मोटारसायकल घेत, इंजिन काढून घेत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत. त्या सांगाड्यात ट्रायम्फचे जोड-सिलिंडरचे इंजिन बसवले की झाली 'ट्रायटन'! एकाचे उत्तम इंजिन आणि दुसऱ्याची उत्तम चेसिस. कॅफे रेसरांमधली ही सर्वांत नावाजलेली गाडी अशी उरल्यासुरल्या भागांतून जन्माला आली.

तिच्या रूपामागेही हिशेब आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. तो कमी करायचा तर चालकाने टाकीवर ओणवे व्हायला हवे, म्हणून हँडल खाली. हँडल खाली गेले की पाय मागे घ्यावे लागतात, म्हणून फूटरेस्ट मागे. जे भाग आज फॅशन म्हणून लावले जातात, ते तेव्हा गरज म्हणून लागले होते.

या वेगाची किंमतही त्या पिढीने मोजली. ब्रिटनमध्ये हेल्मेटसक्ती १९७३ मध्ये आली. त्याआधी कितीतरी मुले रस्त्यावर गेली. वर्तमानपत्रांनी त्यांना गुंड ठरवले. पण बिल शरगोल्ड नावाचे एक धर्मगुरू स्वतः मोटारसायकलवर बसून एस कॅफेत गेले आणि त्यांनी या मुलांना आपल्याकडे बोलावले. पूर्व लंडनमधल्या त्यांच्या चर्चच्या 'फिफ्टी नाइन क्लब'मध्ये १९६२ साली मोटारसायकल विभाग सुरू झाला. मुलांना उपदेशाआधी बसायला जागा दिली, हे त्यांचे मोठेपण. आपल्या मंडळानेही यातून घेण्यासारखे आहे.

या इतिहासाचा एक धागा आपल्या चेन्नईत येतो. १९५५ मध्ये, म्हणजे पेरांबूरचा आपला रेल्वे डबे कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, मद्रासमध्ये रॉयल एनफिल्डच्या बुलेटसाठी भारतीय कंपनी उभी राहिली. मूळ ब्रिटिश कंपनीने १९६० च्या दशकात 'कॉन्टिनेंटल जीटी' ही २५० सीसीची तयार कॅफे रेसर बाजारात आणली, पण पुढे काही वर्षांतच ती कंपनी बुडाली. चेन्नईची शाखा मात्र टिकली आणि २०१३ मध्ये तिनेच कॉन्टिनेंटल जीटी हे नाव पुन्हा रस्त्यावर आणले. १९६९ मध्ये बंद पडलेले एस कॅफेही २००१ पासून पुन्हा सुरू आहे.

आता माझ्या गाडीविषयी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, निर्मात्याच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून सांगाड्याला मी करवत लावलेली नाही. हँडल, सीट, फूटरेस्ट हे सारे नटबोल्टवर आहे, मूळ भाग माळ्यावर जपून ठेवले आहेत आणि या रूपात गाडी सार्वजनिक रस्त्यावर जात नाही. फूटरेस्ट मागे नेल्यावर ब्रेक आणि गिअरच्या दांड्या नव्याने घडवाव्या लागल्या. त्यातच तीन महिने गेले. प्रत्येक सांध्याला स्प्लिट पिन लावली आहे, ही आमची रेल्वेची सवय.

तर मुलांनो, ही 'टन' कधीच गाठणार नाही. तेवढी ताकद या इंजिनात नाही. वेग हवा असेल तर इरुंगट्टुकोट्टईला शर्यतीचा ट्रॅक आहे, रात्रीचा ईसीआर नव्हे. त्या लंडनच्या मुलांकडून घ्यायचेच असेल तर त्यांचा पाना घ्या, त्यांची पैज नको. रविवारी सकाळी नऊनंतर गॅरेज उघडे असते. हात काळे करायची तयारी ठेवून या.