गरम हवेचे इंजिन, घरगुती

बंदिस्त हवा आळीपाळीने तापवून आणि थंड करून तिच्या प्रसरण-आकुंचनावर चाक फिरवणारे यंत्र. यात जाळ बाहेर असतो आणि आतली हवा तीच ती राहते. झडपा, ठिणगी, बॉयलर यांतले काही लागत नाही. वाफ कोंडली जात नसल्याने साध्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या लहान नमुन्यात स्फोटाची भीती नाही. हौशी माणसाने पहिले इंजिन करायचे तर हेच करावे.

मूळ कल्पना स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांची. त्यांनी 1816 मध्ये एकस्व घेतले आणि 1818 मध्ये असे इंजिन एअरशरमधल्या दगडखाणीतले पाणी उपसू लागले. पुढे डंडीच्या कारखान्यातले मोठे इंजिन थांबले ते तापणाऱ्या सिलिंडरचे बीड वारंवार दगा देत असल्यामुळे. सिद्धांत बरोबर होता, धातू कमी पडला. ब्रिटिश अमलात रॉकेलच्या दिव्यावर फिरणारे गरम हवेचे पंखे हिंदुस्थानातही वापरात होते. 1980 च्या दशकात मद्रासमध्ये भाताच्या तुसावर चालणारी सुमारे 5 अश्वशक्तीची स्टर्लिंग इंजिने तयार झाली.

आता हे इंजिन परतूरच्या (जि. जालना) संदर्भात पाहू; मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. मराठवाड्याच्या या पट्ट्यातल्या जुन्या पिढीला उष्णतेवर चालणारी दोन यंत्रे चांगली ठाऊक आहेत : मीटरगेज गाडीचे वाफेचे इंजिन आणि विहिरीवरचे ऑइल इंजिन. गरम हवेचे इंजिन शेतीत रुजले नाही, कारण तेवढ्याच वजनाचे ऑइल इंजिन कितीतरी जास्त काम देते. घरगुती नमुन्याची ताकद बहुधा एका वॉटच्याही आत राहते, आणि एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट. कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या जाळून असे इंजिन पाणी ओढेल का, हा प्रश्न इथे कुणालाही सुचेल. जळण कोणतेही चालते हे खरे. पण पाणी ओढण्याइतक्या ताकदीसाठी आत दाबाने भरलेली हवा, लेथवर काटेकोर कातलेला सिलिंडर आणि उष्णता साठवून परत देणारी जाळी लागते. ते काम कारखान्याचे आहे. अशा इंजिनातून फुकट वीज मिळते असे दाखवणाऱ्या चित्रफितींवर विश्वास ठेवू नये.

करायला सर्वांत सोपा प्रकार परीक्षानळीचा. उष्णता सोसणाऱ्या काचेची नळी मधोमध खिळीवर तोलतात आणि आत तीन-चार काचेच्या गोट्या सोडतात. तोंडाच्या बुचातून निघालेली रबरी नळी त्याच टोकाखाली उभ्या केलेल्या काचेच्या सिरिंजला जोडतात. बंद टोकाखाली स्पिरिटचा दिवा असतो. गोट्या थंड टोकाकडे घरंगळल्या की हवा गरम टोकात ढकलली जाते आणि फुगते. सिरिंजचा दट्ट्या ते थंड टोक वर उचलतो. लगेच गोट्या गरम टोकाकडे धावतात, हवा थंड बाजूला येऊन आकसते आणि दट्ट्या खाली ओढला जातो. नळी अशी झुलत राहते. प्लॅस्टिकची सिरिंज इथे कामाची नाही. तिच्या दट्ट्याचे रबर भिंतीला घट्ट धरते आणि हवेची सगळी शक्ती ते घर्षण सोडवण्यातच जाते. काचेची सिरिंज स्वच्छ पुसून उभी धरावी : दट्ट्या स्वतःच्या वजनाने सावकाश उतरला पाहिजे, आणि तोंडावर बोट ठेवताच थांबला पाहिजे. तेल लावू नये, दट्ट्या चिकटतो.

डब्याच्या प्रकारात शीतपेयाच्या डब्यात एक सैल, हलका विस्थापक वर-खाली होतो आणि हवेला गरम तळातून थंड माथ्याकडे व परत पाठवतो. दट्ट्याच्या जागी ताणलेला फुगा चालतो, क्रँकला सायकलचा स्पोक आणि चाकाला जुन्या सीडी. विस्थापक दट्ट्याच्या सुमारे 90 अंश पुढे ठेवावा. जुळणीतली बहुतेक चूक या कोनात किंवा विस्थापकाची तार जिथून झाकणातून बाहेर येते त्या छिद्रात सापडते.

तिसरा प्रकार अगदी थोड्या तापमानफरकावर चालतो. झाग्रेबचे इव्हो कोलिन यांनी 1983 मध्ये गरम पाण्यावर फिरणारे सपाट इंजिन दाखवले. नंतर अमेरिकेतील जेम्स सेन्फ्ट यांनी अर्ध्या अंशाच्या फरकावर चालणारे केले. ॲल्युमिनियमच्या दोन चकत्या, मध्ये प्लॅस्टिकचे कडे आणि आत थर्माकोलचा विस्थापक एवढीच त्याची रचना. थर्माकोल 100 अंशांच्या आसपास मऊ पडतो, म्हणून त्याखाली ज्योत कधीही धरू नये.

परतूरच्या हवेत हा प्रकार फार शिकवून जातो. आदर्श इंजिनाची कमाल कार्यक्षमता फक्त दोन बाजूंच्या तापमानांवर ठरते. डिसेंबरच्या सकाळी हवा 15 अंश असताना 90 अंशांच्या पाण्यावर ती जवळपास 21 टक्के येते. मे महिन्यात 42 अंशांच्या दुपारी त्याच पाण्यावर 13 टक्के. पण त्याच दुपारी गरम पाणी बाजूला ठेवून वरच्या चकतीवर बर्फाचा चुरा पसरला, तरी आकडा पुन्हा 13 टक्केच येतो. इंधन म्हणून तिथे उन्हाळा वापरला जातो. बर्फ खालच्या चकतीखाली ठेवला तर चाक उलट फिरते. प्रत्यक्ष इंजिन या आकड्यांच्या फार मागे राहते, पण फेऱ्या मात्र त्यांच्याच क्रमाने कमी-जास्त होतात, आणि ते मनगटी घड्याळ लावून मोजता येते.

या इंजिनाचे खरे मोल या मोजणीत आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ते मांडणाऱ्या शिक्षकांनी आणि मुलांनी नुसते फिरते चाक ठेवू नये; शेजारी दोन थर्मामीटर आणि मिनिटाला किती फेरे पडले याचा हाताने लिहिलेला तक्ता ठेवावा.