कुर्ल्याची फियाट आणि मिस्त्रीचं बोट

29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत एका प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी झाली. त्यानंतर तशी नोंद पुन्हा झाली नाही. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मुदत, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी शहराच्या रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत हळवे मजकूर आले. काळापिवळा रंग, टपावरचं कॅरिअर, स्टेअरिंगला चिकटलेली गिअरची दांडी, सगळं सगळ्यांना आठवलं. या गाड्या वीस-वीस वर्षं खड्ड्यांतून चालत्या ठेवणाऱ्या मिस्त्रींची विद्या मात्र या गहिवरात बाजूलाच राहिली. पुढच्या चाकाशी खटखट ऐकू आली की नेमका कुठला सांधा गेलाय, हे गाडी न उघडता ओळखायची ती विद्या.

ही विद्या पद्मिनीच्या, म्हणजे मूळच्या फियाटच्याही आधीची. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला, तेव्हा बहुतेक गाड्यांना पुढे एकच सलग अ‍ॅक्सल असे. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक उभी जाड पिन, म्हणजे किंगपिन. बिजागरीवर दार फिरावं तसं तिच्याभोवती चाक वळे. पिन आणि ती ज्यांत फिरते ते बुश झिजले की ठरावीक वेगाला पुढची चाकं डावी-उजवी थरथरू लागत आणि स्टेअरिंग हातात नाचू लागे. पुढच्या चाकांना ब्रेक आले, कमी हवेचे रुंद टायर आले, तसा हा रोग बळावला आणि अमेरिकेतल्या कारखान्यांनाही त्याने हैराण केलं. जनरल मोटर्सच्याच कॅडिलॅकमध्ये मॉरिस ऑली या ब्रिटिश इंजिनिअरने 1930 नंतरच्या दोन-चार वर्षांत प्रयोगांमागून प्रयोग केले. 1934 च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सच्या गाड्यांची पुढची दोन चाकं एकमेकांपासून मोकळी झाली. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं आपल्या जागी राहू लागलं. पण एका अ‍ॅक्सलच्या जागी आर्म, बुश, पिना असा सांध्यांचा गोतावळा आला. प्रवास मऊ झाला, आणि आवाज निघायच्या जागाही वाढल्या.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डी सोटो या गाड्या बाहेर पडल्या, आणि पन्नासच्या दशकात फियाट 1100 आली. तिच्या पहिल्या गोलमटोल अवताराचं मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असं बारसं करून टाकलं. 1964 मध्ये ‘डिलाइट’ आली. सत्तरच्या दशकात फियाट हे नाव गेलं, तिची ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि मग ‘पद्मिनी’. जाळी बदलली, दिवे बदलले, बंपर बदलले. 1089 सीसीचं इंजिन आणि त्याखालचा सांगाडा मुळात तोच राहिला. पुढे प्रत्येक चाकाला खाली-वर दोन आर्म, त्यांच्यामध्ये कॉइल स्प्रिंग, चाक वळायला किंगपिन. मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे. स्टेअरिंगच्या दांड्याखाली वर्म गिअरची पेटी, आणि तिथून टाय रॉडांनी चाकांपर्यंत जोडलेली साखळी.

गाडी इतकी वर्षं न बदलण्यामागे सरकारी धोरण होतं. देशातच गाडी बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना 1953 च्या निर्णयानंतर इथे जागा उरली नाही. पाठोपाठ जनरल मोटर्सने शिवडीचा गाशा गुंडाळला. पुढची तीस वर्षं सामान्य गिऱ्हाइकापुढे फियाट, अँबेसेडर आणि स्टँडर्ड एवढाच पर्याय, त्यातही नंबर लावून थांबायचं. गिऱ्हाइकाचे हाल झाले, यात वाद नाही. पण मिस्त्रीचं त्यात साधलं. 1965 साली डिलाइटखाली झोपून काम शिकलेला पोरगा 1995 साली पद्मिनीखाली झोपला तरी त्याच्या हाताला तेच बोल्ट त्याच जागी लागत. एकाच गाडीचे आवाज तीस वर्षं ऐकले की कान तयार होणारच. त्यात दैवी देणगीचा भाग फार थोडा होता.

कानाचं कौतुक जरा जास्तच झालं आहे, हेही इथे सांगायला हवं. आवाज पत्र्यातून प्रवास करतो. मागच्या पाट्यातला ठोका डॅशबोर्डखाली वाजल्यासारखा वाटतो, डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो. मुरलेला मिस्त्री म्हणूनच आधी प्रश्न विचारी. आवाज खड्ड्यात येतो, वळताना येतो की ब्रेक मारल्यावर? गाडी भरलेली असताना येतो की रिकामी असताना? उत्तरं ऐकता ऐकता तो बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडून देई. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअब्सॉर्बर शाबूत, हिंदकळत राहिली तर तो गेला. त्यानंतर हेल्परला सीटवर बसवायचं.

खरी तपासणी इथून पुढची. चाकं जमिनीवरच ठेवून हेल्पर स्टेअरिंग इंचभर डावीकडे, इंचभर उजवीकडे असं हलवत राही. मिस्त्री खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवत जाई, अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. सांधा घट्ट असेल तर दोन्ही भाग बरोबरच हलतात. झिजला असेल तर एक आधी हलतो आणि दुसरा मागाहून टिचकी मारून त्याला गाठतो. हा फरक डोळ्यांना क्वचितच दिसतो, पण बोटाला हमखास कळतो. आधी वर्मची पेटी, मग तिच्या समोरच्या बाजूचा आयडलर, मग टाय रॉडचे एंड, हा क्रम ठरलेला. पेटी गाडीच्या अंगाला धरून ठेवणारे बोल्टच ढिले निघाले तर पुढचं काही बघायची गरजच नसे.

यानंतर जॅक. तोही खालच्या आर्मखाली लावायचा. कारण गाडीच्या अंगाखाली लावला तर स्प्रिंगचा दाब सांध्यांवर तसाच राहतो आणि झीज लपून जाते. चाक हवेत आलं की वरच्या आणि खालच्या टोकाला धरून हलवायचं. खडखडलं तर किंगपिन तरी नाहीतर चाकाचं बेअरिंग तरी. दोघांतलं कोणतं, ते ठरवायला हेल्परने ब्रेक दाबून धरायचा. ब्रेकने ड्रम आणि चाकामागची प्लेट एकमेकांना जखडली जातात, म्हणून ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा. चाक बाजूंनी धरून हलवल्यावर खेळ लागला, तर बोट पुन्हा टाय रॉडकडे. एक पैसा खर्च न होता अर्ध्या तासात निदान पक्कं.

किंगपिनला ग्रीस हवं असे, आणि मुंबईचा पावसाळा ते धुऊन नेई. साचलेल्या पाण्यातून चार महिने चाललेली टॅक्सी दसऱ्याच्या सुमाराला ‘स्टेअरिंग जड झालंय’ म्हणून यायची. वळण संपल्यावर सोडलेलं स्टेअरिंग आपणहून सरळ होत नसेल तर पिन कोरडी पडलीय, ही साधी खूण. वेळेत ग्रीसगन लागली तर काम स्वस्तात निभावे. नाहीतर पिन, बुश, आणि बुश बसवल्यावर आतून रीमर फिरवून पिनेच्या मापाला आणण्याची कुशल मजुरी.

किरकिरीची गोष्ट वेगळी. कोरडी किरकिर रबरी बुशची असू शकते किंवा पाट्यांची. संशयित जागेवर थोडं पाणी ओतायचं आणि गाडी हलवून बघायची. आवाज तेवढ्यापुरता थांबला तर जागा सापडली. पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस घालणं ठीकच. पण कित्येक गॅरेजांत एकच उपाय होता, इंजिनचं जळकं तेल सगळीकडे फासायचं. पाट्यांना ते चालून जाई. रबराला लागलं की रबर फुगून मऊ पडे, आणि किरकिरीची जागा महिन्या-दोन महिन्यांत ठोक्याने घेतलेली असे.

काही वेळा पुढची सगळी तपासणी फुकट जाई, कारण दोष मागे असे. अ‍ॅक्सल पाट्यांवर जागच्या जागी धरून ठेवणारा सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल किंचित सरकतो. गाडी तिरकी चालते, स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं, आणि मालक मात्र पुढची चाकं अलाइनमेंटला घेऊन जातो. टॅक्स्यांना सीएनजी आल्यावर डिकीत जड सिलिंडर बसला, टपावर सामान होतंच. मागचे पाटे बसायला लागले. त्यावर जादा पाटा चढवणं हा इलाज. त्याने गाडीची मागची बाजू उचलली जाई आणि उतारूची कंबर मोडे.

बुश मिळत नाही म्हणून लेथवर नायलॉनचा कातून बसवणं, वाकलेला आर्म तापवून सरळ करणं, पाट्याच्या हँगरपाशी खारट हवेने कुजलेल्या पत्र्यावर पट्टी वेल्ड करणं, हेही या धंद्यात चाले. फियाटला वेगळी चेसिस नव्हती. पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा, त्यामुळे तो गंजला की नवा सुटा भाग बसवूनही चाकं सरळ राहत नसत. असल्या दुरुस्तीला जुगाड म्हणून मिरवण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. स्टेअरिंगच्या बाबतीत तरी ते मिरवू नये.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि आवाजांची यादीच बदलली. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होते, किंगपिन नव्हती. अमेरिकन इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन यांची ती रचना चाळीसच्या दशकातली, म्हणजे तशी जुनीच, पण मुंबईच्या फुटपाथवर ती नवी होती. पुढची चाकंच गाडी ओढत असल्यामुळे पूर्ण वळणावर टिक-टिक असा आवाज येऊ लागला, तो ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या फियाटमध्ये तो येणं शक्यच नव्हतं. जागेवर स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंगचा ‘टण्ण’ आवाज आला तर स्ट्रटच्या वरचं माउंटिंग बघायचं, हेही नव्याने शिकावं लागलं. ग्रीसचे निप्पल गेले, सांधे कायमचे बंद होऊन आले. झिजले की आख्खा भाग बदलायचा. अलाइनमेंटची यंत्रं आल्यावर दोरी ताणून चाकांचा कल मापणारेही मागे पडले.

पद्मिनीचं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जमिनीवर आता इमारती आहेत. हौसेने जुनी फियाट ठेवणारे लोक पुण्या-मुंबईत आहेत, आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा चोरबाजार इथे अधूनमधून त्यांच्या कामाचं सामान हाती लागतं. मात्र किंगपिनचा सेट मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. तो बसवताना रीमर किती फिरवायचा, पिन हाताने कितपत घट्ट फिरायला हवी, हे ठरवणारा माणूसही शोधावा लागतो, आणि त्याचं वय बहुधा साठीच्या पुढे असतं.