पऱ्हाटीची गंजी आणि गुलाबी अळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

धरमपेठेतून सीताबर्डीकडे जाताना महाराजबाग लागते. वाघ-माकडं पाहायला लहानपणी आपण सगळेच तिथं गेलेले. ही बाग कृषी महाविद्यालयाकडे आहे, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहतं. महाविद्यालय १९०६ सालचं. शहर चहूबाजूंनी वाढलं, तरी त्याची शेती भर वस्तीत टिकून आहे. तिथली काळी माती आपल्याही घरांखाली आहेच. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. धरमपेठेतल्या जुन्या घरांच्या भिंतींना तडे का जातात, हे गवंड्याला विचारायची गरज पडत नाही.

शेतकऱ्याला तिचा हाच स्वभाव उपयोगी पडतो. चैत्र-वैशाखात पडणाऱ्या भेगांमुळे ती आपली आपणच भुसभुशीत होते. इंग्रजी अमदानीतल्या जमीनबंदोबस्ताच्या कागदांत इथल्या जमिनींची नावं गावकऱ्यांच्या तोंडचीच आहेत : काळी, मोरंड, खरडी, बरडी. कापूस काळीत नि मोरंडीत. त्याच्या ओळींमध्ये तुरीची ओळ, पुढल्या साली ज्वारी आणि उन्हाळ्यात वखराच्या पाळ्या. वखरानं धसकटं निघत, मातीतले कोष उन्हात येत आणि बगळे-साळुंक्या उरलेलं काम करत. हिंगणघाटची बनी याच रिवाजात पिकली. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. एकरी उत्पन्न बेताचं होतं. आणि ज्या किडीनं आज आपल्याला जेरीस आणलं आहे, ती तेव्हाही होतीच.

ही कीड म्हणजे गुलाबी बोंडअळी. भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स या इंग्रज अभ्यासकानं १८४३ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. १९०६-०७च्या सुमारास भारतातून गेलेल्या सरकीबरोबर ती इजिप्तला पोचली. तिथून १९११ मध्ये मेक्सिको आणि १९१७ मध्ये अमेरिकेतलं टेक्सास. एवढासा पतंग, पण आगबोटीनं अर्धं जग फिरला! इजिप्तनं कायदाच केला : वेचणी संपली की ठरल्या तारखेआधी झाडं उपटायची. आपल्याकडे मद्रास इलाख्यानं १९१९ मध्ये पिकांवरील किडी-रोगांचा कायदा करून कंबोडिया कपाशीसाठी असंच बंधन घातलं. कारण साधं आहे. कपाशी संपल्यावर ही अळी मरत नाही. उरल्यासुरल्या बोंडांत, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून ती आत झोपी जाते आणि पुढच्या पिकाची वाट पाहते.

याच सुमारास इंदूरला एक वेगळा प्रयोग चालू होता. होळकरांच्या राज्यात, आपल्यासारख्याच काळ्या मातीत, अल्बर्ट हॉवर्ड हे शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात काम करत होते. त्यांचे सहकारी यशवंत वाड. शेण, गोमूत्रानं भिजलेली माती, राख आणि शेतातला काडीकचरा यांचे थर लावून, ठरल्या वेळी ते उलटून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ या दोघांनी मिळून १९३१ मध्ये पुस्तकरूपानं मांडली. पुढे जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांनी हॉवर्डांना गुरू मानलं. वाडांचं नाव आपणही विसरलो. अडचण होती ती पऱ्हाटीची आणि तुराट्यांची. त्या लवकर कुजत नाहीत. तेव्हा त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून द्यायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाकं त्यांचा भुगा करतात! हात लावता येऊ नये इतका तो ढीग आतून तापतो. अशा ढिगात अळीचा निभाव लागणं कठीण.

स्वातंत्र्यानंतर डीडीटी आणि त्याच्या भाऊबंदांचं युग आलं. १९७० साली सुरतेहून संकरित कपाशी आली. ऐंशीच्या दशकात नवी, जहाल कीटकनाशकं आली आणि काही वर्षांतच अमेरिकन बोंडअळी त्यांना पचवू लागली. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं, आणि खरं सांगायचं तर काही वर्षं सुखाची गेली. अमेरिकन अळी मागे हटली. पण बांधाकडे बिगरबीटी कपाशीच्या ओळी लावायच्या होत्या, त्या फारशा कुणी लावल्या नाहीत. पाणी असेल तिथं फरदड घेऊन पीक मार्च-एप्रिलपर्यंत उभं ठेवलं. गुलाबी अळीला बारमाही खानावळच मिळाली. २०१० मध्ये गुजरातेत ती पहिल्या जनुकाला बधत नसल्याचं जाहीर झालं, पुढे दुसऱ्यालाही. २०१७च्या हंगामात विदर्भातली बोंडंच्या बोंडं आतून किडली.

त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, हवा दमट, अंगावर साधा सदरा, टाकीत दोन-तीन औषधांची मिसळण. रसशोषक किडी आणि बोंडअळी, दोन्हींची धास्ती. आणि गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. ज्यानं काम होणार नाही त्यासाठी माणसं गेली, हे मला अजून पचवता येत नाही.

अमेरिकेनं मात्र २०१८ मध्ये ही अळी आपल्या कपाशीतून नाहीशी झाल्याचं जाहीर केलं. बीटी वाणं तिथंही होती. जोडीला कामगंध सापळे, वांझ केलेले पतंग आणि पऱ्हाटी नष्ट करण्याची सक्ती. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ सालची, वर्धा मार्गावर आहे. आज दिला जाणारा सल्लाही याच वाटेचा : सापळे लावा, डोमकळ्या तोडा, निंबोळी अर्क वापरा, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच औषधाचा विचार करा, आणि डिसेंबरअखेर शेत मोकळं करा.

पहिल्या चार गोष्टी जमतील. शेवटचीपाशी गाडी अडते. काटोलच्या बाजूला एका घरी गेलो होतो. परसात पऱ्हाटीची गंजी, माणसाच्या उंचीची. अळी तिथंच मुक्काम करते, असं मी सांगू लागलो. घरातल्या आजी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “भाऊ, सिलिंडर महाग झालं. हे बी जाळून टाकलं तं पाऊसभर चूल कायनं पेटवू?”